पाहुण्यांसाठी गप्प बसलेली बिल्डिंग

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगला भिंती आहेत असं बघणाऱ्याला वाटतं, ऐकणाऱ्याला वाटत नाही. दारं वेगळी, मीटर वेगळे, पण कानांच्या बाबतीत आम्ही सगळे एकाच हॉलमध्ये राहतो. झोपडपट्टी पाडून त्या जागी उभी केलेली ही बिल्डिंग. मी इथला मूळचा नाही, एका मूळच्याचा भाडेकरू आहे. राहायला आलो त्या दिवशी कॅलेंडर लावायला भिंतीत खिळा ठोकला. दोन ठोक्यांत खिळा दिसेनासा झाला आणि पलीकडून बाईचा आवाज आला, "अरे, इकडे आला तो! राहू दे आता, मीच लावते त्याला काहीतरी."

त्या आंटी. उजव्या भिंतीपलीकडच्या. मूळच्या मनोरीच्या, ख्रिश्चन. बोलतात मराठीच, पण मी त्यांचं पहिलं वाक्य समजून घेईपर्यंत तिसरं संपलेलं असतं. त्या खिळ्यावर अजून त्यांची चहाची गाळणी लटकते. आंटींच्या घरात अंकल आहेत. रिटायर झालेले, शांत, सज्जन माणूस, फक्त शिंक वाईट. आधी एक लांब श्वास ऐकू येतो. मग काही क्षण काहीच नाही. तेवढ्यात मी उठून फळीवरचा स्टीलचा डबा धरून ठेवतो, कारण शिंकेने तो खाली येतो आणि झाकण पलंगाखाली जातं.

डाव्या भिंतीपलीकडे मॅचवाले दादा. जगात कुठे ना कुठे क्रिकेट चालूच असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. आणि डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, मसाला करून विकणाऱ्या ताई. त्यांचा मिक्सर चालू झाला की माझा ट्यूबलाइट थरथरतो. त्या घरात चप्पल घालून फिरतात, त्यामुळे त्या किचनमध्ये आहेत की बाल्कनीत हे मला न बघता सांगता येतं. एकदा त्यांना कुरियरवाल्याचा फोन लागत नव्हता, तर मी खालून ओरडून नाही पण जरा मोठ्याने सांगितलं की तो जिन्यात आहे. त्या "थँक्यू हां" म्हणाल्या, छतातून.

मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि मग इकडची दोन-तीन कामं करत करत खोक्यांच्या कारखान्यात लागलो. पुठ्ठा कापायचा, दुमडायचा, पिना मारायच्या. गावाकडे आमचं घर वस्तीच्या टोकाला. तिथे शेजारणीला बोलवायचं तर आईला अंगणात येऊन पोटातून हाक काढावी लागते, आणि तरी कधीकधी शेजारीण येत नाही, बकरीच येते. त्यामुळे इथे पहिल्या महिन्यात मला वाटायचं की माझ्या खोलीत माणसं शिरलीत.

आवाजाची तक्रार मी कधी केली नाही. एक तर स्वभाव घाबरट. दुसरं, ज्या शहराने आठवीवाल्याला छप्पर दिलं, नळाला पाणी दिलं, वर शेजारी पण दिले, त्या शहराला 'जरा हळू' म्हणायचं म्हणजे जेवायला बोलावणाऱ्याला भात बदल म्हणण्यासारखं वाटायचं. उलट मलाच भीती, की माझा आवाज कोणाला जातो की काय. स्टुलाच्या पायांना मी फडकी बांधली. बादलीत पाणी सोडताना नळाखाली हात धरायचा. आईशी फोनवर बोलताना डोक्यावरून गोधडी घ्यायची. उन्हाळ्यात सुद्धा. आई विचारायची, "आवाज असा का येतोय रे, विहिरीत पडलास का?"

एकदा मात्र उपाय केला. कारखान्यात पुठ्ठ्याच्या कापणाचा ढीग पडतो, सेठ म्हणाले घेऊन जा. मी ते तुकडे आणले, कणकेची खळ शिजवली आणि दोन्ही भिंतींना छान थरावर थर चिकटवले. आवाज खरंच कमी झाला. पहिले काही दिवस मॅचवाल्या दादांचा चौकार मला षटकाराएवढा नाही, दोन धावांएवढाच ऐकू यायचा. मी खूश. मग कणकेचा वास उंदरांपर्यंत पोचला. त्यांना वाटलं असणार, कोणीतरी आपल्यासाठी जेवणाची भिंत बांधलीय. रात्रंदिवस कुरतडणं. ते इतकं मन लावून चालायचं की शेवटी आंटींनीच भिंतीवर थाप मारली, "पोरा, काय खातोयस एवढं? मला पण दे." दुसऱ्या दिवशी सगळा पुठ्ठा सोलून काढला. उंदीर गेले, दादांचे षटकार परत आले.

तर अशा घरात माझं लग्न जमायचं होतं.

त्याआधी जी स्थळं आली ती शिक्षण विचारायची आणि फोन ठेवून द्यायची. 'आठवी' हा शब्द मी इतका हळू म्हणायचो की काहींनी परत विचारलं आणि मग ठेवला. पण मावशीने आणलेलं हे स्थळ फोन ठेवणारं नव्हतं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. मुलगी बारावी शिकलेली. मी घाबरून चहा एका दमात संपवला आणि मग बोलायला लागू नये म्हणून रिकामा कप तोंडाला लावून बसलो. बराच वेळ. ती समोरून बघत होती. शेवटी आत गेली, किटली घेऊन आली आणि कोणाला न कळता माझ्या कपात परत चहा ओतला. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते हसू माझ्या बाजूचं होतं. मला ती तिथेच आवडली. मुंबईत येऊन मी पुठ्ठा कापत होतो तरी डोक्यात किटलीच.

मग मावशीचा फोन आला. "ते लोक गोवंडीला नातेवाइकांकडे येणारेत. रविवारी तुझी खोली बघायला येतील. आई-बाप आणि मुलगी पण. तिथे राहायचं तिला आहे, म्हणून तीच म्हणाली मी येते. आणि ऐक, जवळपास पक्कं आहे. फक्त मुलीचा बाप दोनदा म्हणाला, घर शांत पाहिजे. गोंगाटाने डोकं दुखतं म्हणे."

"कोणाचं?"

"मुलीचं असेल, आणखी कोणाचं? शांत आहे ना रे तुझ्याकडे?"

त्याच वेळी वरती मिक्सर चालू झाला आणि डावीकडे कोणीतरी बाद झालं. मी फोन पोटाशी धरला आणि गोधडीतून म्हणालो, "आहे."

फोन ठेवल्यावर मी तसाच बसलो. रविवारी हे लोक येणार, दहा मिनिटं बसणार, डोकं धरणार आणि जाणार. माझ्या आठवीला माफ केलेलं एकमेव घर मिक्सरमुळे हातचं जाणार. सुपारी चावत बसावं तसा मी नखं चावत बसलो होतो, तेवढ्यात भिंतीतून आंटी म्हणाल्या, "रडू नको. रविवारी किती वाजता येतायत?"

"तुम्ही ऐकलंत?"

"मावशीला सांग, स्पीकर लावायची गरज नाही, तशीच ऐकू येते. ये बाहेर."

संध्याकाळी आंटींनी जिन्यात मीटिंग घेतली. मी कोपऱ्यात उभा, आरोपीसारखा.

"पाहुणे चहाच्या वेळेला येणार. तेवढा वेळ या बिल्डिंगमध्ये आवाज नाही," आंटी म्हणाल्या. "पोराच्या लग्नाचा प्रश्न आहे. कळलं?"

"मसाला मी सकाळीच उरकते," वरच्या ताई म्हणाल्या. "पण मला दुपारी खाली यायचंय. माझ्या चपला वाजतात."

"हातात घे."

"चपला हातात?"

"मग काय डोक्यावर घेणार? हातात घे."

मॅचवाले दादा म्हणाले, "आंटी, रविवारी फायनल आहे."

"आवाज बंद करून बघ."

"आवाज बंद करून फायनल? काहीपण काय! विकेट पडली तर माणूस ओरडणार नाही?"

"तोंडावर हात ठेव. आणि कोणाकडे कुकर लागणार नाही. कोणी आपल्या पोरांना मारणार नाही, मारायचं असेल तर आज मारून घ्या." मग आंटी अंकलकडे वळल्या. "आणि तू."

"शिंक काय माझ्या हातात आहे?" अंकल म्हणाले.

"हातात नाही, नाकात आहे. बघते मी त्याचं."

मला इतकं भरून आलं की मी सगळ्यांना हात जोडले. दादा म्हणाले, "ए, हात काय जोडतोस, पेढे आण नंतर." माझ्यासाठी एवढी माणसं एकदम गप्प बसणार होती. आमच्या गावात सरपंचासाठी पण बसत नाहीत.

पुढचे दिवस मी तयारी केली. पाहुण्यांशी काय बोलायचं ते घोकलं. "या, बसा, प्रवास कसा झाला?" हे एकच वाक्य मी हसून, गंभीरपणे, दारात उभं राहून, पाण्याचा ग्लास हातात घेऊन, असं सगळ्या प्रकारे म्हणून बघितलं. खोली पुसली. कपांच्या कडा तपासल्या.

रविवार आला आणि जेवणं झाल्यावर बिल्डिंग खरंच बंद पडली. तुम्ही कधी लाइट जाऊन पंखा थांबल्यावर ऐकलंय का, कानाला कसंतरी होतं? तसं. मला माझ्या घड्याळाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. ते घड्याळ वाजतं हेच मला माहीत नव्हतं.

पाहुणे रिक्षाने आले. मी खाली घ्यायला गेलो. मुलीचे वडील डोक्यावर टोपी, आई नऊवारीत, मागे ती. आम्ही जिना चढायला लागलो, आणि आता पुढे त्यांना काय काय दिसलं ते नीट सांगायला हवं, कारण त्यावरच सगळं घडलं.

जिन्यात पहिल्याच वळणावर वरच्या ताई समोरून आल्या. अनवाणी, चपला हातात, मान खाली, पाऊल न वाजवता. पाहुण्यांना बघून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मग आठवलं, मग नुसता हात हलवला आणि भिंतीला चिकटून पुढे गेल्या. वरच्या पॅसेजमध्ये सगळी दारं उघडी आणि प्रत्येक दारात माणसं जमिनीवर बसलेली, कारण आतले टीव्ही बंद, मग करायचं काय? कोणी बोलेना. पाहुण्यांना बघून सगळ्यांनी हळूच माना डोलावल्या. मॅचवाले दादा उंबऱ्यावर मोबाइल घेऊन होते. आम्ही त्यांच्यासमोरून जात होतो तेव्हाच नेमकी विकेट पडली असणार. दादांनी मोबाइल मांडीवर ठेवला, दोन्ही हात डोक्याला लावले, डोळे मिटले आणि आवाज न करता नुसते हलत राहिले.

पाहुण्यांची पावलं आपोआप हळू झाली. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, उकडत असेल.

खोलीत आल्यावर मी म्हणालो, "या, बसा, प्रवास कसा झाला?" पण बाहेरच्या शांततेला बिचकून मी ते कुजबुजलो. वडील त्याहून हळू म्हणाले, "बरा झाला." मग मी आणखी हळू विचारलं, "चहा ठेवू?" वडिलांनी बायकोकडे बघितलं, बायकोने त्यांच्याकडे बघितलं.

"चहा राहू द्या, पाव्हणे," ते म्हणाले. "बरं दिसत नाही."

आमच्याकडे स्थळ पसंत नसलं की चहाला नाही म्हणतात. एवढी शांतता, एवढ्या चपला हातात, आणि तरी नापसंत? मी मुलीकडे बघितलं. ती डोळे मोठे करून भिंतीकडे बघत होती.

नंतर कळलं ते इथेच सांगून टाकतो. आमच्या भागात गल्लीत कोणी वारलं की अख्खी गल्ली अशी होते. रेडिओ बंद, चुली बंद, माणसं दारात बसून, चालायचं ते पाय न वाजवता. शेजारी माणूस गेलेला असताना लग्नाची बोलणी करत चहा प्यायचा म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. पाहुण्यांनी जिन्यापासून डोक्याला हात लावलेल्या दादांपर्यंत सगळं बघितलं आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी माझ्या आठवीला दोष देत उभा होतो.

"आधी शेजारी जाऊन येतो," वडील उठत म्हणाले. "तसंच बसून राहणं बरोबर नाही."

म्हणजे शेजाऱ्यांकडे माझी चौकशी करणार, असं मला वाटलं. तीही आमच्याकडची रीतच आहे. मी घाईघाईने पुढे झालो आणि आंटींचं दार वाजवलं.

आंटींनी दार उघडलं आणि पहिलं काम काय केलं, तर ओठांवर बोट ठेवलं. पाहुण्यांनी हात जोडले.

आत बघून मीही दारातच थांबलो, खोटं कशाला बोलू. भरदुपारी मदर मेरीपुढे मोठी मेणबत्ती जळत होती. ती आंटींनी माझं लग्न जमावं म्हणून लावलेली. शेजारी पलंगावर अंकल उताणे. गळ्यापर्यंत पांढरी चादर, हात छातीवर, डोळे मिटलेले, आणि दोन्ही नाकपुड्यांत कापूस. तो शिंकेवरचा उपाय होता. चादर कशाला, तर म्हणे पंख्याचा वारा लागला की नाक हुळहुळतं. सगळी कारणं बरोबर होती. पण एकत्र दिसायला फार वाईट दिसत होती.

मुलीचे वडील अंकलच्या पायाशी जाऊन हात जोडून उभे राहिले. आई आंटींजवळ जमिनीवर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. आंटींना वाटलं, हिंगोलीकडे असंच भेटत असतील. त्या वचनाला जागून गप्प. त्यांनी फक्त दुसरा हात वरून ठेवला. आणि मग, आमच्याकडे अशा वेळी बायकांनी करायचं असतं तसं, मुलीच्या आईंनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने हंबरडा फोडला.

"कसं गं बाई झालं हे! काल-परवापर्यंत चांगला असंल गं माणूस!"

आंटींचं तोंड उघडंच राहिलं. पलंगावर अंकलनी एक डोळा उघडला. पायाशी एक अनोळखी माणूस हात जोडून उभा. अंकल सज्जन माणूस. कोणी नमस्कार केला तर परत करायचा, एवढं त्यांना कळतं. त्यांनी छातीवरचे हात जुळवले आणि झोपल्या झोपल्या नमस्कार केला.

मुलीचे वडील मागे सरकले ते सरळ भांड्यांच्या मांडणीवर. मांडणी खाली आली. पातेली, झाकणं, पेले, खिळ्यावरची ती गाळणी, सगळं. त्या आवाजाने अंकल ताडकन उठून बसले, लांब श्वास घेतला, आणि मला सवयीने कळलं. मी डबा धरायला हात पुढे केला, पण तिथे माझा डबा नव्हता. अंकल शिंकले. दोन्ही कापूस सुटले, आणि त्यातला एक वडिलांच्या हातातल्या टोपीत जाऊन पडला.

"कोण गेलं?" अंकलनी विचारलं. "आंटी, कोण गेलं?" तेही बायकोला आंटीच म्हणतात.

एवढा धडाका झाल्यावर बाकीच्या बिल्डिंगला वाटलं, पाहुणे गेले, सुटलो. एका क्षणात सगळं चालू झालं. कुकर, टीव्ही, नळ, पोरं. दादांनी आवाज पूर्ण सोडला आणि कॉमेंटेटरबरोबर स्वतःही ओरडायला लागले. दुपारभर कोंडलेली बिल्डिंग बाटली हलवून उघडावी तशी फसफसली.

"अहो, मेलं कोणी नाही!" आंटी ओरडल्या, ओरडल्याशिवाय ऐकूच जाईना. "तुमच्या पोरीचं डोकं दुखतं म्हणून गप्प बसलो सगळे! दुपारपासून! या माणसाच्या नाकात कापूस घातला मी तुमच्यासाठी!"

मुलीच्या आईंनी पदर तोंडावरून काढला. अंकलकडे बघितलं, आंटींकडे बघितलं आणि हसू आवरायला तोच पदर परत तोंडात कोंबला. वडिलांना मात्र हसू येईना. घाम फुटलेला. मी त्यांना धरून माझ्या खोलीत आणलं, पंखा लावला, पाणी दिलं. माझ्या डोक्यात एकच, की झालं, संपलं. मुलीच्या बापाला पहिल्यांदाच घरी आल्यावर मयताकडून नमस्कार करवला. असा जावई कोण करतं?

आम्ही दोघे समोरासमोर बसलो. आणि उजव्या भिंतीतून आवाज यायला लागला. बायका तिकडेच बसल्या होत्या.

"आता आलोच आहोत तर विचारते," मुलीची आई म्हणत होती. "पोरगा कसा आहे?"

मी उठून भिंतीवर थाप मारणार होतो, की आंटी, ऐकू येतंय. पण वडिलांनी हात वर करून मला थांबवलं आणि खुर्ची भिंतीजवळ सरकवली.

"पोरगा?" आंटी म्हणाल्या. "अहो, या भिंतीतून मला त्याचं सगळं ऐकू येतं. बाटली नाही, पत्ते नाहीत, कोणी बाई नाही. असतं तर मला कळलंच असतं, मी काय कान घरी ठेवून जाते? एक आहे, झोपेत बोलतो. 'हो सेठ, करतो सेठ.' झोपेत सुद्धा नाही म्हणत नाही कोणाला."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"आणि गेले दिवस नुसतं 'या, बसा, प्रवास कसा झाला.' अंकलला पाठ झालंय ते. काल अंकल आतून म्हणाला, बरा झाला रे बाबा, आता झोप."

तिकडे कोणीतरी खुदकन हसलं. आईंचं हसणं नव्हतं ते.

"आईला रोज फोन करतो," आंटी पुढे म्हणाल्या. "गोधडी घेतो डोक्यावर. गोधडी म्हणजे काय किल्ल्याचा तट आहे? 'जेवलो, वरण-भात केला' सांगतो. आणि जेवलेला नसतो. त्याचा कुकरच वाजलेला नसतो ना! मग मी माशाची आमटी-भात घेऊन जाते, म्हणते जास्त झालं. रोज कसं जास्त होईल? पण तो विचारत नाही. थँक्यू आंटी, थँक्यू आंटी करत उभ्या उभ्याच खातो."

मला हे माहीत नव्हतं. मला खरंच वाटायचं, मनोरीकडच्या लोकांना अंदाज येत नाही, जास्तच शिजवतात. आणि समोर होणारा सासरा बसलेला. मी उगाच स्टुलाचं फडकं सोडून परत बांधलं.

वडिलांनी फडक्याच्या गाठीकडे बघितलं. मग म्हणाले, "वरण-भात येतो का खरंच?"

"येतो," मी म्हणालो. "एकट्याला करायचा कंटाळा येतो."

तेवढ्यात भिंत माझ्याशी बोलली. म्हणजे ती बोलली. दिवाळीनंतर मी तो आवाज पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो अगदी कानाशी होता, कारण ती भिंतीला टेकून बसली असणार.

"ऐकू येतंय का?"

"हो," मी म्हणालो.

"डोकं माझं नाही दुखत. बाबांचं दुखतं."

वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघायला लागले. टोपीतला कापूस कानावर लोंबत राहिला. मला सांगायचं धाडस झालं नाही.

"मी दिवसभर बोलते," भिंत म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, हिला गप्प करा. तुम्हाला चालेल?"

"चालेल."

"नीट विचार करून सांगा."

"केला. चालेल." मग मलाच राहवलं नाही. समोर वडील आहेत, पलीकडे आई आहे, आंटी आहे, अंकल आहेत, डावीकडे दादांनी पण टीव्हीचा आवाज संशय येण्याइतका कमी केलेला. तरी मी भिंतीला म्हणालो, "पण मी आठवी आहे. तुम्ही बारावी. तुम्हाला चालेल का?"

आणि ती उत्तर देणार, तर वरती मिक्सर चालू झाला. ताई वर परतल्या होत्या, संध्याकाळची ऑर्डर राहिली असणार. सुकं खोबरं होतं, त्याचा आवाज सगळ्यात वाईट. ट्यूबलाइट थरथरला. भिंतीपलीकडे ती काहीतरी बोलली, मला नुसता हेल कळला, शब्द एक नाही. पहिल्यांदा मला या भिंतीतून काहीतरी ऐकायचं होतं, आणि पहिल्यांदाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणाली?" मी वडिलांना विचारलं.

"मला काय विचारता," वडील म्हणाले. "माझं तर डोकं दुखायला लागलं."

मी उठलो. पॅसेजमध्ये आलो. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिलो, मान वर केली, आणि आई अंगणातून काढते तसा पोटातून आवाज काढला, "ताईऽऽऽ! मिक्सर बंद कराऽऽऽ!"

मिक्सर बंद झाला. टीव्ही बंद झाले. नळ बंद झाला. पॅसेजमधली सगळी दारं माझ्याकडे बघायला लागली. दादा हातात मोबाइल घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "हा ओरडतो पण?"

आंटींच्या दारात ती उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"हो म्हटलं मी," ती म्हणाली. "किती ओरडता हो!"